तिर्रीची जोडी

शनिवार, १७ एप्रिल १९७६

सोमवारी लिहिलेलं एक वाक्य खोटं आहे. आधी ते दुरुस्त करते, मग पुढचं.

१२ तारखेच्या पानावर मी लिहिलं — "शेवटच्या डावात त्यांच्याकडे रंग होता, म्हणून मी जोडी टाकली ते बरंच झालं." रंग होता, म्हणजे तिन्ही पत्ते एकाच छापाचे होते, हे मला कुठून कळलं? त्यांची पानं कुणीच पाहिली नाहीत. त्यांनी स्वतःसुद्धा नाही! तीन पानं पालथी होती, पालथीच राहिली, आत्याने गोळा करून गड्डीत मिसळली. मी डाव सोडला आणि मग आपलं बरोबर होतं असं वाटावं म्हणून दुसऱ्या दिवशी त्यांच्या हातात रंग लिहून दिला.

ते वाक्य खोडत नाही. खोडलं तर खोटं लिहिलं होतं हेही दिसायचं नाही. बाजूला फुली केली आहे.

आता जसं झालं तसं.

रविवारी, ११ तारखेला, धनजचे पाहुणे मला पाहायला वाशिमला आले. देवमन, त्यांची आई रुपाबाई, आणि स्थळ आणणाऱ्या केशरबाई. देवमन कारंजाच्या पोस्टात आहेत, टपाल वाटतात. चिवडा झाला, चहा झाला. मग दुसऱ्यांच्या घरी मुलीला चालायला लावतात, वाचायला लावतात. आमच्याकडे बाबांनी गड्डी काढली.

"तासभर पत्ते खेळलं का मानूस कळते," बाबा म्हणाले. "चालवून पाहाले ते का बैल हाय?"

केशरबाईंनी कपाळाला हात लावला. "जानरावभाऊ, तुमी तं बाप्पा हद्दच करता! तीन पत्ती खेळून कोनाचं लगन जमलं का आजलोक?"

"आमचं जमन," बाबा म्हणाले.

रुपाबाई पदराआड हसल्या. देवमन चटईवर येऊन बसले.

चौघं खेळलो. बाबा, वच्छला आत्या, देवमन, मी. प्रत्येकाला तीस चिंचोके. घरचा नियम तोच — पानं पाहून खेळणाऱ्याने दर चालीला चार चिंचोके टाकायचे, न पाहता खेळणाऱ्याने दोन. कमी नाही, जास्त नाही. "वाढवत गेलं का खेळ राह्यत नाही, भांडन होते," हे बाबांच्या रेल्वेच्या नोकरीतलं वाक्य देवमनना त्या दिवशी प्रथम ऐकायला मिळालं, मी दोन हजार वेळा ऐकलं असेल.

शेवटच्या डावात बाबांनी टाकलं, आत्याने टाकलं. मी आणि ते उरलो. त्यांनी पानांना हातच लावला नव्हता. मी पाहिली — दोन तिर्र्या आणि नव्वी. पाहिलेल्याला न पाहिलेल्याकडे "दाखवा" म्हणता येत नाही. चार टाकून पुढे जायचं, नाही तर पानं टाकायची. मी चार टाकले. त्यांनी दोन. पुन्हा चार, पुन्हा दोन. ते म्हणाले, "मी नाही पाहत. तुमी पाहा." हसले. तिसऱ्या वेळी माझा हात चिंचोक्यांकडे गेला आणि मी पानं पालथी टाकली. "चहा ठेवते," म्हणून आत गेले. कुणीही दुसरा चहा मागितलेला नव्हता.

एवढंच झालं. ह्यात कुठे रंग नाही.


रविवार, १८ एप्रिल

आठवडा झाला. धनजहून काही नाही.

माणूस दिवसभर लोकांची पत्रं वाटतो आणि आमच्याकडे एक कार्ड येत नाही!


सोमवार, १९ एप्रिल

पानं का टाकली मी? घरी मी जोडी टाकत नाही. कधीच. हे बढाईने नाही, वहीवरून सांगते.

बाबा गँगमन होते तेव्हा आम्ही रुळांकाठच्या खोलीत राहायचो. शाळा सहा मैलांवर. दहा वर्षांची होईपर्यंत मला बाबांनीच शिकवलं. पाटी फुटली होती, म्हणून आकडे पत्त्यांवर शिकले. बदामची पंजी म्हणजे पाच. पंजी आणि चव्वी किती? मोज बदाम. अक्षरं जुन्या टाइमटेबलवर. आई गेली त्या वर्षी तीन पत्ती शिकवली. तेव्हापासून मी लहान जोड्यांची वही ठेवली आहे, दुर्रीपासून पंजीपर्यंतच. मोठ्या जोडीचं कुणालाही कळतं. लहान जोडीचंच कळत नाही — तिच्यावर फक्त सुट्या पानांपेक्षा थोडा विश्वास, बाकी सगळं तिच्यापेक्षा मोठं. पण घरी लहान जोडी घेऊन मी २१२ वेळा शेवटपर्यंत गेले आणि १४८ वेळा जिंकले.

कारण मला माणसं माहीत आहेत. बाबांकडे चांगली पानं आली की ते कान खाजवतात. आत्या बोलता बोलता गप्प होते. देवमनचं मला काय माहीत? उजव्या हाताच्या बोटांना शिक्क्याची शाई. चिंचोके पाच-पाचच्या ओळीत लावतात, जिंकलेले वेगळे, घरून मिळालेले वेगळे. मला एकदाच विचारलं, "तुमी वाचता काय?" मी म्हणाले, "काही नाही."

हेही खोटं. मी बुद्धविहारातल्या कपाटाच्या दोन्ही फळ्यांवरची पुस्तकं वाचली आहेत. बालवाडीत शिकवते, तिथल्या पोरांना गोष्टी सांगते त्यातूनच. मग "काही नाही" का म्हणाले? त्यांनी उद्या पुढचं विचारलं तर चुकेन म्हणून. आता ते पुढचं विचारणारच नाहीत.

पाहुणे गेल्यावर बाबांनी विचारलं, "कसा वाटला व फुला?" मी म्हणाले, "तुम्ही म्हणाल तसं."

त्या दिवशी एकूण तीन गोष्टी टाकल्या मी. पानं, देवमनना द्यायचं उत्तर, आणि बाबांना द्यायचं हे.


बुधवार, २१ एप्रिल

दुपारी बाबा आणि आत्या झोपल्यावर गड्डी घेऊन बसले. दोन तिर्र्या आणि नव्वी बाजूला काढली. उरलेली पानं पिसून समोर तीन वाटली — त्यांची. उघडली. पुन्हा पिसली, पुन्हा तीन. शंभर वेळा. दर वेळी वहीत रेघ.

माझ्या तिर्रीपेक्षा मोठं आलं ते शंभरात चोवीस वेळा.

शहात्तर वेळा मी जिंकले असते. ज्याने पानं पाहिलीच नाहीत त्याच्यासमोर मी शंभरातल्या शहात्तर वाटा सोडून चहा ठेवायला गेले!

मग गड्डी बांधून ठेवली. आणि परत सोडली. परत तीन पानं समोर ठेवली, उघडली नाहीत. त्यांच्यामागे माणूस बसला आहे असं थोडा वेळ धरून चालले. निळा सदरा. कॉलर उसवून परत शिवलेली, टाका बारीक — आईने शिवली असेल की स्वतः?

आत्या उठली. "काय करून राह्यली व एकटीच?"

"पत्ते मोजते."

"मोज बाई. जोशाले दाखवाले लागतीन तुये ग्रह."

आत्या अजून रागावली की जोशी काढते. बाबांसमोर नाही.


शुक्रवार, २३ एप्रिल

बाबांना धनजचं विचारायचं होतं. विचारलं नाही.


सोमवार, २६ एप्रिल

काल आसेगावला हेमलाचं लग्न. हेमला माझी मावसबहीण. सकाळी नऊला वंदना, साडेनऊला माळा, दहाला लग्न संपलं. वऱ्हाडाची गाडी चारची. मधे सगळं ऊन! मांडवात बायकांनी चादर अंथरली आणि पत्ते निघाले. मी आजवर घराबाहेर खेळले नव्हते. जाऊन बसले. कुणाच्या सांगण्यावरून नाही, आपली आपण. चिंचोके नव्हते, काड्यापेटीतल्या काड्या घेतल्या. नियम मी सांगितला — पाहून चार, न पाहता दोन — आणि बायकांनी मान्य केला! मला फार बरं वाटलं.

वहीत नवीन पान केलं. वर लिहिलं — "अनोळखी".

समोर नवऱ्या मुलाची मामी होती, गोजराबाई. आडव्या अंगाची, तोंडात सुपारी, आवाज मांडवाबाहेर. प्रत्येक डावाला सांगायची, "टाका वं पोरीहो, मायाकडे राज्याची जोडी हाय!" कुणी विश्वास ठेवेना. आणि निघायची राज्याचीच जोडी! पुढच्या डावाला, "आता काईच नाही मायाकडे." खरंच काही नसायचं. तरी आम्ही चारदा फसलो. तिने एकदाही खोटं सांगितलं नाही.

मी सारखी तिच्या तोंडाकडे पाहत होते. कान खाजवते का, गप्प होते का. ती म्हणाली, "काय व, पानं कमी अन् मायं तोंडच जास्त पाह्यतं तू. काय सापडन तिथं? तीस वर्सं झाले, मायाच नवऱ्याले नाही सापडलं काही!"

सगळ्या इतक्या हसल्या की तिकडून पुरुष पाहायला लागले.

लहान जोडी सात वेळा आली. सातही वेळा शेवटपर्यंत गेले. जिंकले दोन वेळा.

परतीच्या गाडीत त्याच आकड्याचा विचार. सातात दोन. घरी २१२ मध्ये १४८. बायका काही विशेष खेळणाऱ्या नव्हत्या. मग घरी लहान जोडी एवढी कशी चालते? घरच्यांना मी ओळखते, मान्य. पण ओळखल्याने माझी पंजी त्यांच्या सत्तीपेक्षा मोठी कशी होईल?

आणि दुसरं. गाडी मंगरूळला थांबली तेव्हा समोर "कारंजा" पाटीची यष्टी उभी होती. माणसं चढत होती. दारात एक बाई कोंबडी घेऊन उभी. मी नुसती पाहत होते. दोन पावलांवर होती ती गाडी.


बुधवार, २८ एप्रिल

आज कळलं. लिहायला नको वाटतं, पण इथे नाही लिहिलं तर कुठे.

आत्या अंगणात कुरडया घालत होती, मी ताट धरून. सहज म्हणाले, आसेगावला सातात दोन, घरी असं नाही होत.

आत्याने साचा खाली ठेवला आणि हसली. "अवं येडे, घरी तुया बाप तुले जिंकू दे."

"म्हणजे?"

"म्हंजे का? तुई माय गेली त्या सालापासून. तू हारली का तोंड पाडून बसे, जेवत नव्हती. जिंकली का भाकर खाये. मंग तो पानं टाकून दे. राणीची जोडी टाकताना पाह्यलं म्या त्याले, ह्या डोयानं! मलेबी खुनावे — टाक म्हने."

"आत्तापर्यंत?"

"आत्तालोक. आता त्याले बी सवय झाली अन् मलेबी. राग नको धरू व माय. पोरीले हासाले का लागते, चार चिंचोके."

राग आला नाही. ताट धरून उभी राहिले. मग आत येऊन वही काढली. १४८. ह्यातले किती खरे? दहा? पन्नास? आता कुणालाच सांगता येणार नाही, बाबांनाही नाही. तेरा वर्षं मी रेघा मारल्या त्या मी किती जिंकले ह्याच्या नव्हत्या. बाबांनी किती वेळा पानं टाकली त्याच्या होत्या.

वही फाडणार नाही. पुठ्ठ्यावर तेवढं लिहून ठेवलं — कशाची मोजणी आहे ते.

म्हणजे लहान जोडीचं मला काहीच माहीत नाही. आसेगावचे सात डाव, एवढंच.


रविवार, २ मे

बाबांना म्हणाले, खरं खेळा.

"खरंच तं खेळतो."

"आत्याने सांगितलं."

बाबांनी आत्याकडे पाहिलं. आत्या सूप घेऊन मागच्या दाराने गेली.

मग बसले. पहिल्या दोन डावांत पुन्हा तेच — हातात पानं घेतली, माझ्याकडे पाहिलं, आणि बोटं टाकायला निघाली. मी म्हणाले, "बाबा!" त्यांनी हात मागे घेतला. तिसऱ्या डावापासून खरे खेळले. मला वाटलं नव्हतं ते इतके चांगले खेळत असतील. कान दर डावाला खाजवत होते, पानं असोत नसोत. पाऊण तासात माझे तीसही चिंचोके त्यांच्याकडे. चव्वीची जोडी दोनदा आली, दोनदा गेली.

जिंकताना चेहरा असा की कुणी त्यांचंच काही नेत आहे.

मी विचारलं, अनोळखी माणसासमोर लहान जोडी आली तर काय करायचं? किती वेळ धरायची?

बाबांनी चिंचोके ओंजळीत घेऊन हलवले. म्हणाले, "ते मले सांगता येत नाही व फुला. गँगवर मी कोनाशीबी खेळत होतो, पन तिथं मले हारजितीचं काही वाटत नव्हतं. अन् जिथं वाटते तिथं मी खेळलोच नाही. नुसती पानं टाकली."

मग चिंचोके परत मोजून माझ्यापुढे तीस केले. मी घेतले.


बुधवार, ५ मे

किन्हीराजा गावचं स्थळ. रामधन नाव. ग्रामसेवक, पाच एकर शेत, आई नाही. केशरबाईंनीच आणलं. रामधननी मला भीमजयंतीच्या मिरवणुकीत पाहिलं आहे म्हणे, त्यामुळे पाहण्याचा कार्यक्रम नको, हो म्हणा. पत्तेही नकोत! पौर्णिमेला, गुरुवारी १३ तारखेला, उत्तर पाहिजे.

माणसाबद्दल कुणी वाईट बोलत नाही. मी शोधलं काही वाईट, नाही सापडलं.

बाबा म्हणाले, "तुले पुसल्याबिगर मी हो म्हननार नाही. पन धनजवाल्यायचं महिना होत आला. त्यायले करायचं असतं तं कळवलं असतं."

"आपण विचारलं तर?"

"आपून कायले पुसाचं? पोरगी आपली हाय. पोरीकडच्यानं मांगं लागू नाही."

हे बाबा म्हणाले! ज्यांनी पाहुण्यांसमोर गड्डी काढली ते. काही नियम ते मोडतात आणि काही त्यांना दिसतच नाहीत.

तोंडाशी आलं होतं — तुम्ही म्हणाल तसं. पण मी म्हणाले, "पौर्णिमेपर्यंत थांबा."

बाबांनी मान हलवली. मग जाता जाता वळून एकदा पाहिलं.


शुक्रवार, ७ मे

केशरबाई किन्हीराजाचं विचारायला आल्या. निघताना मी त्यांची पिशवी घेऊन हातपंपापर्यंत गेले. वाटेत पिशवी ह्या हातातून त्या हातात केली चारदा.

"मावशी, धनजवाल्यांनी का नाही कळवलं?"

केशरबाई थांबल्या. "आता पुसतं व? तूनंच तं नाही म्हनलं."

"मी? केव्हा?"

"घ्या! त्या दिवशी आमी आलो, देवमन पाय धुवून राह्यला होता न्हानीजवळ. तुया बाप त्याले म्हने, माया पोरीच्या हातात जोडी आली का ते सोडत नाही. दुर्रीची असो, समोर कोनीबी असो. तिनं जोडी टाकली का समजाचं, तिचं मन नाही. हसूनच म्हनलं, पन म्हनलं. मंग तू पानं टाकून चुलीकडं भांडे वाजवाले गेली, तुया बाप दारात गेल्ता. तुई आत्या पानं गोळा करे, तिनं तुये उलटून पाह्यले अन् बोंबलली — अवं माय, तिर्रीची जोडी टाकली पोट्टीनं! देवमननं पाह्यली ना ते जोडी. मंग चहा आला, प्याला, अन् उठला."

मी पिशवी खाली ठेवली, परत उचलली.

"गाडीत आईले म्हने, मी न पाहताच बसलो होतो. तिनं इच्यार करून टाकलं. आता पत्र पाठवून तिले कायले तरास द्याचा, तिले नाही लिवाव लागन. चांगला पोरगा हो. पन चांगल्या मानसाचं असंच असते, लवकर समजून घेते."

"मावशी, त्यांना सांगा ना. तसं नव्हतं."

"मी?" केशरबाईंनी पिशवी घेतली माझ्याकडून. "मी आता किन्हीराजावाल्यायचं बोलून राह्यली बाई. एका तोंडानं दोन घरं नाही बोलत मी. अन् पोरीकडून उलटा निरोप? मले उभं करतीन का कोनी दारात?"

पंपावर हात धुतले. पाणी गरम होतं.

बाबांचा काय दोष? त्यांनी तेरा वर्षं पाहिलं — पोरगी जोडी सोडत नाही. सोडत नव्हतीच मी. त्यांनीच सोडायची सवय होऊ दिली नाही. आत्याचा काय दोष? पान दिसलं, ओरडली. देवमनचा तर मुळीच नाही. मी घाबरून टाकलं आणि त्यांना वाटलं मी ठरवून टाकलं.

बाबांना हे सांगणार नाही. सांगितलं तर त्यांच्या एका कौतुकाच्या वाक्याने काय झालं ते त्यांना कळेल, आणि ते पुन्हा कधी माझं कौतुक करायचे नाहीत.


शनिवार, ८ मे

पत्र लिहून पाहिलं.

पहिलं — "सप्रेम जयभीम. आपला गैरसमज झाला आहे." हे सोसायटीच्या नोटिशीसारखं वाटलं.

दुसऱ्यात शंभर वेळा पानं वाटल्याचं लिहिलं, चोवीस आणि शहात्तर. ते दोन पानं झालं. वाचणाऱ्याला वाटेल मुलगी आजारी आहे.

तिसरं — "मला वाचायला आवडतं. त्या दिवशी मी खोटं सांगितलं." एवढंच. ते बराच वेळ ठेवलं.

पण पाठवायचं कसं? कारंजाच्या पोस्टातच जाणार. तिथे चारजण टपाल लावत बसतात. पाठीमागे वाशिमचं नाव, बाईचं अक्षर — दुपारपर्यंत गावभर. नाव न घालता पाठवणं मला जमणार नाही. आणि आज टाकलं तर उद्या रविवार. मंगळवारी पोचेल. उत्तर गुरुवारच्या आत कसं येणार?

तिन्ही चुलीत घातली. तिसरं शेवटी.


रविवार, ९ मे

मी त्यांना एक तास ओळखते. त्यातही निम्मा वेळ बाबा बोलत होते.

माणूस चिडका असू शकतो. आईपुढे गप्प राहणारा असू शकतो. पीत असू शकतो, कसं सांगावं? रामधनबद्दल मला चार गावांतून माहिती आहे, देवमनबद्दल शाई आणि कॉलर. तरी सकाळी भांडी घासताना, पोरांची नावं हजेरीत वाचताना, झोपायच्या आधी — चटईवर ते बसलेले, आणि मी "वाचता काय" ह्याचं उत्तर देते. रोज निराळं उत्तर. रोज ते पुढचं विचारतात. काल तर मी त्यांना विहारातलं अख्खं कपाट सांगितलं, वरची फळी, खालची फळी.

हे बरं नाही. ज्याला ओळखत नाही त्याच्याशी इतकं बोलणं. पण मग कळणार कसं? आसेगावला बसले म्हणून सात डाव तरी कळले.


सोमवार, १० मे

आत्याने बाजारातून बातमी आणली. गुरुवारी, पौर्णिमेला, देवमनकडचे मालेगावला मुलगी पाहायला जाणार. पसंत पडली तर तिथेच साक्षगंध, म्हणजे साखरपुडाच.

त्या मुलीचं नाव आत्याला माहीत नाही. मी दोनदा विचारलं. तिचं वाईट होऊ नये. पण गुरुवारी सकाळपर्यंत तिला कुणाचा शब्द गेलेला नाही, आणि रामधनलाही माझा गेलेला नाही. हे मी नीट तपासलं.

वाशिमहून कारंजाची पहिली यष्टी सव्वासहाला. पोस्ट दहाला उघडतं. टपाल घेऊन ते बाहेर पडायच्या आत दारात उभी राहीन. एकटी. बाबांना आदल्या दिवशी सांगेन — कुठे चालले, कुणाकडे, का. थांबवायचं तर त्यांनी समोर थांबवावं.

जायचं ते बुधवारी, १२ मेला.